पुकारा

"तुम्ही फक्त हो किंवा नाही सांगा," नौशाद म्हणाला. "हा अँटिव्हायरस आमच्या सर्व्हरवर टाकला तर चालेल का?"

फोन स्पीकरवर होता. मुंबईहून सर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर बोलत होता. "तुमच्याकडे डिस्कची जी रेड जोडणी आहे, तिच्याबरोबर हे सॉफ्टवेअर आम्ही तपासून पाहिलेलं नाही, सर."

"म्हणजे टाकू नको?"

"तसं मी म्हणत नाही. तुम्ही टाकलंत तर जबाबदारी तुमची."

"आणि नाही टाकलं, अन् व्हायरस शिरला तर?"

"तीही तुमचीच, सर. आमच्या यादीत दोन अँटिव्हायरस आहेत. त्यातला एखादा घ्या, मग आम्ही जबाबदारी घेऊ."

"ते दोन्ही आमच्याकडे नाहीत ना. ट्रस्टनं आख्ख्या हॉस्पिटलसाठी तिसराच घेऊन ठेवलाय."

"मग लेखी विचारा. मी वर पाठवतो."

नौशादने फोन ठेवला आणि चष्मा काढून डोळे चोळले. "वृंदाताई, लेखी मी आधीच विचारलंय. उत्तर हेच आलंय, फक्त इंग्रजीत."

ही खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. वऱ्हाडातल्या एका धर्मादाय कॅन्सर रुग्णालयात मी नोकरीला होते. मी डॉक्टर नव्हे, भौतिकशास्त्रज्ञ. गाठीवर किरण कुठून सोडायचे, किती सोडायचे, आणि आजूबाजूचे नाजूक भाग कसे वाचवायचे, याचा प्रत्येक रुग्णासाठी वेगळा आराखडा संगणकावर करायचा, हे माझं काम. ते सगळे आराखडे एका सर्व्हरवर असत. किरणांचं मशीन रोज सकाळी त्या सर्व्हरकडून आराखडे मागून घेई आणि त्याप्रमाणे चाले. सर्व्हर बंद तर मशीन बंद.

त्या सर्व्हरमध्ये चार डिस्क एकत्र बांधलेल्या होत्या. एक बंद पडली तर उरलेल्या तिघींवरून तिच्यातला मजकूर पुन्हा उभा करता येतो, अशी ती रेडची युक्ती. दुसरी पडली तर मात्र हाती काही राहत नाही.

नौशाद शेख हॉस्पिटलचे सगळे संगणक एकटा सांभाळायचा. प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदापासून या सर्व्हरपर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात. त्या उन्हाळ्यात अकाउंट्सच्या संगणकांमध्ये व्हायरस शिरला आणि पगाराचा सगळा हिशोब नाहीसा झाला. ट्रस्टचे सचिव खोडकेसाहेब हबकले. महिनाअखेरपर्यंत एकही संगणक अँटिव्हायरसशिवाय राहता कामा नये, असा त्यांनी हुकूम काढला. आमच्या खोलीतला सर्व्हर तेवढा राहिला होता.

आम्ही दोघं खोडकेसाहेबांकडे गेलो. ते सहकारी बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. पगार न घेता रोज दहाला येऊन बसत. माणूस वाईट नव्हता.

"खोक्यावर काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं. "सर्व्हरसाठीसुद्धा, असंच ना? मग अडतंय कुठं?"

"साहेब, आपल्या सर्व्हरमध्ये चारही डिस्कवर लक्ष ठेवणारं एक कार्ड आहे," नौशाद सांगू लागला. "अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडून तपासतो. त्या गर्दीत एखाद्या डिस्कनं उत्तर द्यायला उशीर केला, तर कार्डाला वाटतं ती मेली. मग ते तिला बाहेर काढतं."

"जिवंत असताना?"

"जिवंत असताना."

"आणि विकणारा काय म्हणतो?"

"तो म्हणतो, सगळ्यावर चालतं."

"झालं तर मग!"

मी मध्ये पडले. "साहेब, या एका सर्व्हरपुरता कंपनीच्या यादीतला घ्या ना. नाहीतर निदान आराखड्यांची वेगळी प्रत ठेवायला एक जास्तीची डिस्क तरी."

"चार आहेत ना तिथं?"

"साहेब, त्या चार मिळून एकच आहेत."

त्यांनी माझ्याकडे जरा कौतुकाने पाहिलं. लहान मुलीने काहीतरी शहाणपणाचं बोलावं, तसं. "पुढच्या बैठकीत ठेवतो विषय," ते म्हणाले. त्यांनी तो ठेवलाही असता. पण बैठक पुढच्या महिन्यात होती.

त्याच सुमारास तुळशीराम बोदडे आमच्याकडे आले होते. ते तालुक्याच्या बाजार समितीत हर्राशीचा पुकारा करायचे. तुरीच्या, हरभऱ्याच्या ढिगापाशी उभं राहून व्यापाऱ्यांच्या बोल्या ओरडून सांगायच्या, वाढवत न्यायच्या आणि शेवटी सगळ्यांत चढ्या बोलीवर माल तोडायचा. त्यांच्या गळ्यात, स्वरयंत्रावर गाठ झाली होती. पहिल्या दिवशीच त्यांनी मला फुटक्या, घोगऱ्या आवाजात विचारलं होतं, "मॅडम, माहा आवाज राहीन ना?"

"त्यासाठीच तर किरणांचा शेक द्यायचा, काका. ऑपरेशन केलं तर आवाजाची पेटीच काढावी लागते. शेक लागू पडला तर पेटी राहील."

"बस्स मंग. घासभर कमी खाईन, पन आवाज पायजे."

"एक मात्र आहे. रोज यायचं. मध्ये खंड पडला की गाठ पुन्हा डोकं वर काढते."

"याचं काय सांगता? इथंच धर्मशाळेत राह्यतो आमी."

त्यांची बायको कासाबाई बरोबर असे. शेक देताना काकांच्या तोंडावर जाळीचा मास्क घट्ट बसवावा लागे, म्हणजे मान हलू नये. बाकीचे रुग्ण त्या मास्कला घाबरत. बोदडेकाका टेबलावर पडले की म्हणायचे, "बांधा, मॅडम, पोतं शिवल्यासारखं बांधा." वेटिंग हॉलमध्ये बसले की ते दोन बोटं वर करून कोपऱ्यातल्या पंख्याचा लिलाव करत. पंखा बंद होता, म्हणून बोली चढत नसे. आजूबाजूचे रुग्ण हसत. ज्यांना गिळता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, तेही हसत.

निम्मे शेक झाले आणि काकांचा आवाज मोकळा व्हायला लागला. डॉक्टर येवतीकरांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि मला खाली येऊन सांगितलं, "गाठ चांगली बसतेय. तुझा आराखडा चांगला जमलाय." त्या दिवशी काकांनी जाता जाता माझ्या खोलीच्या दारात उभं राहून खणखणीत पुकारा केला. पलीकडच्या वॉर्डातून परिचारिका धावत आली.

अँटिव्हायरसचा प्रश्न शेवटी आपोआप सुटला. एका रुग्णाने बाहेरच्या सेंटरमधून स्कॅनची सीडी आणली. ती नौशादने आधी स्वतःच्या संगणकात घालून पाहिली आणि तिच्यात अकाउंट्समधला तोच व्हायरस निघाला. आता न टाकून चालणार नव्हतं. त्याने ट्रस्टचा अँटिव्हायरस आमच्या सर्व्हरवर टाकला. टाकताना मला शेजारी बसवून घेतलं.

"हे बघा, आराखड्यांचे फोल्डर मी वगळलेत. तिकडे तो बघणारसुद्धा नाही. रोजची तपासणी बंद केली. माझ्या हातात आहे तेवढं सगळं केलंय."

"मग चालेल?"

"कंपनीवाल्यासारखं बोलू की खरं बोलू?"

"खरं बोल."

"माहीत नाही, वृंदाताई."

चाललं. काही दिवस अगदी छान चाललं. मग एका सकाळी मी खोलीत आले तर सर्व्हर घरघरत होता. त्याच्या तोंडावरचे चारही दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते. अँटिव्हायरसने स्वतःहून नवी आवृत्ती उतरवून घेतली होती, आणि नौशादने वगळलेले फोल्डर त्या नव्या आवृत्तीला ठाऊकच नव्हते. तो प्रत्येक आराखडा, प्रत्येक स्कॅन उघडून तपासत बसला होता. बाहेर मशीन त्याच सर्व्हरकडून आराखडे मागत होतं. मी नौशादला फोन लावला. तो जिना चढून येईपर्यंत तिसरा दिवा पिवळा झाला.

त्याने तपासणी थांबवली. पिवळा दिवा पिवळाच राहिला.

"गेली?" मी विचारलं.

"कार्डाच्या मते गेली. खरंच गेली का, ते डिस्कलाच ठाऊक."

"बाकीच्या तीन?"

"ठीक आहेत. आराखडे दिसतायत. नवी डिस्क मागवू, लावू, आपोआप भरून निघेल."

त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस शेक चालू राहिले. आम्ही दोघं येता-जाता त्या तीन हिरव्या दिव्यांकडे पाहून घेत होतो. त्या तीन दिवसांत आराखड्यांची प्रत दुसरीकडे काढायचा प्रयत्नही नौशादने केला. पण कंपनीचं सॉफ्टवेअर आराखडे स्वतःच्याच कुलुपात ठेवायचं. ते कुलूप कंपनीच्याच माणसाने उघडायचं, आणि तो माणूस नागपूरला दुसऱ्या कामात अडकलेला. नवी डिस्क मुंबईहून कुरिअरने आली. शनिवारी दुपारी, रुग्ण आटोपल्यावर, नौशादने जुनी काढली, नवी आत सरकवली. पडद्यावर एक निळी पट्टी उगवली आणि डावीकडून उजवीकडे सरकू लागली.

"ती टोकाला गेली की सुटलो," तो म्हणाला.

आम्ही खुर्च्या ओढून बसलो. पट्टी फार हळू सरकत होती. नौशादने डबा उघडला. त्याच्या अम्मीने कबाब दिले होते, पण दोघांनीही एकेकच खाल्ला. तो म्हणाला, "चारही डिस्क एकाच दिवशी बनलेल्या आहेत, एकाच कारखान्यात. एक थकली म्हणजे बाकीच्याही..."

पट्टी निम्म्याच्या पुढे गेली होती. सर्व्हरमधून टक् असा आवाज आला. मग पुन्हा टक्. आत कोणी नखाने पत्र्यावर टिचकी मारत असावं, तसा. पहिला दिवा पिवळा झाला आणि पट्टी थांबली.

नौशाद उठला नाही. त्याने सर्व्हरला हातही लावला नाही. हात लावून करण्यासारखं काही नव्हतंच. तो म्हणाला, "ताई, किती जण आहेत?"

"शेक चालू असलेले? साठेक."

त्याने डब्याचं झाकण लावलं. ते नीट लागत नव्हतं. त्याने ते पुन्हा काढलं, पुन्हा लावलं.

सोमवारी कंपनीचा माणूस आला. पहिला प्रश्न त्याने हाच विचारला, "अँटिव्हायरस आमच्या यादीतला होता का?" सर्व्हरमध्ये नव्या, कोऱ्या डिस्क बसवून जुन्या तो पेटीत घालून मुंबईला घेऊन गेला. काही मिळेल असं वाटत नाही, पण बघू, म्हणाला. काही मिळालं नाही. अँटिव्हायरस विकणाऱ्याने लिहून दिलं, की जुन्या डिस्कना तो जबाबदार नाही. डिस्क बनवणाऱ्यांचं म्हणणं पडलं, की अशा कामाला त्या बनवलेल्याच नाहीत. प्रत्येकाचं म्हणणं खरं वाटावं असंच होतं.

इकडे वेटिंग हॉल भरलेला. माझ्याकडे प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर एवढंच उरलं होतं, की किती शेक झाले आणि एकूण किती द्यायचे. किरण नेमके कोणत्या आकारात, कोणत्या कोनातून गेले, मणक्यातल्या मज्जारज्जूला किती लागले, ते सगळं त्या डिस्कमध्ये. ज्यांचं साधं होतं, त्यांचं मी हाताने गणित मांडून दोन दिवसांत सुरू करून दिलं. ज्यांचं गुंतागुंतीचं, त्यांचा नवा स्कॅन, नवा मास्क, नवा आराखडा. असा एकेक आराखडा व्हायला मला दिवस-दिवस लागे, आणि आराखडे करणारी मी एकटी.

डॉक्टर येवतीकरांनी क्रम लावला. मेंदूची गाठ असलेला मुलगा आधी. मग गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर असलेल्या बायका, ज्यांना रक्तस्राव होत होता. मग अन्ननलिकेचे. बोदडेकाकांचं नाव खूप खाली होतं.

"सर, बोदडेंना वर घ्या ना," मी म्हणाले. "त्यांचं अगदी लागू पडत आलं होतं."

"मला कळत नाही का?" ते चिडले नव्हते. थकले होते. "पण त्यांना शेवटी ऑपरेशनचा रस्ता आहे. जीव वाचेल. या बाकीच्यांना दुसरा रस्ता नाही. तू सांग, यातलं कोणाला खाली ढकलू?"

मी त्या नावांकडे पाहिलं. मला प्रत्येक चेहरा ठाऊक होता.

"नागपूरला पाठवलं तर?"

"विचारलंय. तिथल्या रांगेपेक्षा आपली बरी."

बोदडेकाका रोज सकाळी येत, हॉलमध्ये बसत, दुपारी माझ्या दाराशी येत. "आज?"

"आज नाही, काका."

"उद्या?"

"उद्याचंही सांगता येत नाही."

"मशीन त चालू दिसते. तो इंगळ्याचा मानूस त गेला आत."

"त्यांचं साधं होतं, काका. तुमचं परत मांडावं लागतंय. संगणकातलं सगळं गेलं."

"कुठं गेलं?"

ते कुठेही गेलेलं नव्हतं. मुंबईला नेलेल्या त्याच डिस्कवर होतं, फक्त कोणाला वाचता येत नव्हतं. मी म्हणाले, "बिघडलं, काका."

ते मान हलवून गेले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी कासाबाई एकटीच आली. "मॅडम, नुसतं बसून मालकाचं डोकं फिरते. आमी गावाले जाऊन येतो. तुमी फोन करा, लगेच येतो."

"जवळच राहा ना, बाई."

"कायले? इथं बसलं त रोज तुमचं तोंड पाहा लागते. तुमाले बी तरास, यायले बी."

ते गेले. मी रात्रंदिवस आराखडे करत होते, तरी काकांचा नंबर यायला दोन आठवड्यांच्या वर गेले. फोन केला तसे ते त्याच दिवशी हजर झाले. नवा मास्क बसवताना मी त्यांच्या गळ्याजवळ वाकले, तेव्हा ते काही बोलले. आवाज पुन्हा घोगरा झाला होता.

उरलेले शेक पूर्ण केले. दोन महिन्यांनी येवतीकरांनी दुर्बीण घातली. गाठ होती. त्यांनी नागपूरच्या सर्जनला चिठ्ठी लिहिली. खंड पडल्यामुळेच ती उरली, असं छातीठोकपणे कोणी सांगणार नाही. मीही सांगणार नाही. खंड न पडता उरलेल्याही गाठी मी पाहिल्यात. पण निम्मे शेक झाले तेव्हा ती बसत होती, हेही खरं आहे.

नौशादची चौकशी झाली. खोडकेसाहेबांनी ती शक्य तेवढी सौम्यपणे केली. त्यांचा स्वतःचा चेहराही उतरला होता. सर्व्हरला आता पाहिजे ते द्या, असं त्यांनी बैठकीत सांगितलं म्हणे. चौकशीतून बाहेर आल्यावर नौशाद माझ्या खोलीत बसला. "ते विचारत होते, तू वेगळं काय करायला हवं होतंस? मी म्हटलं, साहेब, मला खरंच सुचवा. मी लिहून घेतो." मग म्हणाला, "नाही टाकला असता तर व्हायरसनं गेलं असतं. तेव्हाही मीच बसलो असतो त्या खुर्चीत." वर्षाच्या आत त्याने नोकरी सोडली आणि परतवाड्याला चुलतभावाच्या फर्निचरच्या दुकानात गेला. संगणकाला पुन्हा हात लावणार नाही, असं म्हणाला. अजून लावत नाही, असं ऐकते.

बोदडेकाकांना मी पुन्हा पाहिलं, ते पुढच्या उन्हाळ्यात. तपासणीला आले होते. गळ्याभोवती पांढरा रुमाल, त्याच्या आड श्वासाचं भोक. दर श्वासाला रुमाल किंचित फुगे. मला पाहून ते हसले, ओठ हलवले. आवाज आला नाही. कासाबाई त्यांच्या ओठांकडे पाहून सांगायची.

"इचारतेत, बऱ्या हाव ना मॅडम."

"बरी आहे, काका. तुम्ही?"

त्यांनी हाताने 'चाललंय' असं दाखवलं. मी दोघांना माझ्या खोलीत बसवलं, चहा मागवला. काका चहा घेत असताना कासाबाई खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, एक इचारू? रागावू नका. त्या टायमाले गावाले गेलतो ना, तवा यायनं चोरून बिडी ओढली. एकच. माह्यासमोर कबूल केलं मंग. म्हंतेत, त्याच्यानंच झालं सारं. म्हंतेत, मॅडमनं एवढं केलं, आन मी पानी फेरलं. रोज रातच्याले तेच. तुमीच सांगा, तसं असते का?"

काकांनी कप खाली ठेवला होता. ते माझ्याकडे पाहत होते.

मला एकदम बोलावंसं वाटलं. इतके महिने कोणाशी बोलले नव्हते ते सगळं. मी खुर्ची पुढे ओढली. "काका, ऐका. एका बिडीनं असं होत नाही. आधीचं अर्धं आयुष्य ओढलीत, तो भाग वेगळा. पण त्या एका बिडीनं नाही. इथलं संगणकाचं यंत्र बिघडलं, त्यात तुमचे शेक लांबले. झालं असलं तर त्यानं झालं. तुमची यात काही चूक नाही."

त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. ओठ हलले.

"म्हंतेत, यंत्र कोनं बिघडवलं?"

मी सांगायला सुरुवात केली. अँटिव्हायरस, ट्रस्ट, कंपनीची यादी, विक्रेता, एकाच दिवशी बनलेल्या डिस्क. सांगता सांगता माझं मलाच ऐकू येऊ लागलं. प्रत्येकाने आपापल्या परीने बरोबरच केलं होतं. मी थांबले. "कोणी मुद्दाम नाही केलं, काका. कोणाच्याच हातात नव्हतं."

काकांचे डोळे घाबरल्यासारखे झाले होते. मास्क चढवताना एकदाही मी ते तसे पाहिले नव्हते. मग त्यांनी जोरजोरात मान हलवली, ओठ भराभर हलवले. कासाबाईला एकदम उमगलं नाही. तिने पुन्हा करायला लावलं.

"म्हंतेत, कोनाच्याच हातात नव्हतं, असं नोका सांगू, मॅडम." तिने सांगितलं. "म्हंतेत, बिडी त मीच पेटवली होती. माह्याच हातानं."

काकांनी आपला उजवा हात माझ्यासमोर धरला. पालथा, मग उताणा. ते माझ्या उत्तराची वाट पाहत होते.

"असेल, काका," मी म्हणाले. "बिडीनंच झालं असेल."

त्यांनी हात मागे घेतला, मांडीवर ठेवला, आणि डोळे मिटून खुर्चीला टेकले.